सतरा रोग्यांचा धडा

सार्वजनिक आरोग्य आणि शाश्वत विकास या बाबतींत निरनिराळ्या देशांनीं केलेल्या प्रगतीची तुलना, असा भारदस्त विषय माझ्याकडे आला तेव्हां मी प्रथम संकोचलों. मी डॉक्टर नव्हें, अर्थशास्त्रज्ञ तर नव्हेंच. मॅट्रिकपर्यंत शिकून पनवेल तालुक्यांतील प्राथमिक शाळांत मुलांना गणित आणि भूगोल शिकविलेला मी एक निवृत्त मास्तर. सध्यां उलव्यास मुलाच्या बिऱ्हाडीं राहतों. परंतु विचार करतां असें वाटलें कीं, या विषयांत मुख्यतः गुण, क्रमांक आणि टक्केवारी यांचाच व्यवहार आहे. आणि प्रगतिपुस्तकें भरण्यांत तर माझें आयुष्य गेलें. तेवढ्याच अधिकारावर आज चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं सर्व देशांसाठीं सतरा ध्येयें ठरविलीं आणि तीं गांठण्यास २०३० सालची मुदत घातली. दारिद्र्य, भूक, आरोग्य, शिक्षण, पाणी, शहरें, हवामान असे त्यांत विषय आहेत. या ध्येयांकडे कोण किती सरकलें याचें एक आंतरराष्ट्रीय प्रगतिपुस्तक दरवर्षीं निघतें. २०२५ च्या प्रगतिपुस्तकांत १६७ देशांमध्यें आपल्या देशाचा क्रमांक ९९ वा लागला. पहिल्या शंभरांत येण्याची आपली ती पहिलीच खेप. पहिला नंबर फिन्लंडचा. चीन ४९ वा. शेजारचे भूतान आणि नेपाळ आपल्या पुढें. पाकिस्तान व बांगला देश आपल्या मागें.

अशी यादी हातीं आली म्हणजे आपण काय करतों? आपला क्रमांक पाहतों, शेजाऱ्याचा पाहतों, आणि अभिमान किंवा विषाद मानून कागद बाजूला ठेवतों. शाळेंत पालकही अगदीं हेंच करीत. पण ज्यानें वर्ग शिकविला आहे त्याला ठाऊक असतें कीं, सहामाहींत पहिला आलेला मुलगा कित्येकदां दिवाळीच्या सुट्टीनंतर पाढे विसरून येतो, आणि मधल्या बांकावरचा, रोज पाटी गिरविणारा मुलगा वर्षअखेर त्याच्या पुढें निघून जातो. क्रमांकानें परीक्षेच्या दिवशीं कोण कोठें होता एवढें कळतें. मिळविलेलें टिकलें किती, हें त्यावरून कळत नाहीं. आणि शाश्वत विकास या शब्दांचा सरळ अर्थ तरी दुसरा काय आहे? जें मिळविलें तें टिकलें पाहिजे, इतकाच.

म्हणून आज मी सतराही ध्येयें घेणार नाहीं. आरोग्याच्या ध्येयांतील एकच कलम घेतों. २०३० पर्यंत ज्या सांथी संपवावयाच्या म्हणून सांगितलें आहे, त्यांत हिंवताप आहे. या एका गणितांत तीन देशांनीं काय केलें तें पाहूं.

हिंवतापच कां, असें आपण विचाराल. कारण घरगुती आहे. १९७६ सालीं मी पंधरा वर्षांचा होतों. आमचें गांव खाडीकांठचें. एका बाजूस भातखाचरें, दुसऱ्या बाजूस मिठागरें. जिल्ह्याचें नांव तेव्हां कुलाबा होतें. फवारणीवाले खांद्यावर पंप घेऊन गांवांत येत, घराच्या भिंतींवर आंतून डी.डी.टी. मारीत आणि दारापाशीं गेरूनें तारीख लिहून जात. आदल्या वर्षीं ते आले तेव्हां माझ्या आईनें त्यांना अंगणांतूनच परत पाठविलें. ती म्हणाली, “दादा, आमच्या घरांत कोणाला ताप आहे का? भिंती कालच सारवल्या आहेत. तुमच्या औषधानें ढेकूणसुद्धां मरत नाहींत. पुढच्या घरीं जा.” आईला दोष देण्यांत अर्थ नाहीं. कित्येक वर्षांत आम्हीं मुलांनीं कोणाला हिंवानें कुडकुडतांना पाहिलें नव्हतें. जो शत्रु दिसत नाहीं त्याच्यासाठीं कोण आपल्या भिंती खराब करून घेईल?

पुढच्या पावसाळ्यांत माझा धाकटा भाऊ तापला. तो नऊ वर्षांचा, चौथींत होता. ताप एक दिवस आड यावयाचा. दुपारीं दांतावर दांत वाजूं लागत, घरांतल्या साऱ्या गोधड्या अंगावर घातल्या तरी हींव जात नसे, आणि मग अंगाची लाही होऊन घाम सुटे. रक्त तपासलें, गोळ्या मिळाल्या, तिसऱ्या दिवशीं ताप उतरला आणि भाऊ खेळावयास गेला. उरलेल्या गोळ्या कोनाड्यांतच राहिल्या. दोन महिन्यांनीं ताप पुन्हां आला. पुढें आणखी एकदां आला. पांथरी वाढली, अंगांत रक्त राहिलें नाहीं, वार्षिक परीक्षा बुडाली. त्या मुलाचें शाळेशीं जें तुटलें तें तुटलेंच. तो मिठागरावर कामास लागला. आज तो नातवंडांनीं वेढलेला, कष्टानें वर आलेला समाधानी गृहस्थ आहे. पण बँकेचा कागद आला कीं अजून माझ्याकडे घेऊन येतो. राष्ट्राच्या कोष्टकांत त्याचा हिशेब १९७६ सालचा एक रोगी, बरा झालेला, असाच लागला असेल.

आमच्या घरीं जें घडलें, तेंच कांहीं वर्षें आधीं एका सबंध देशांत घडून गेलें होतें, हें मला पुष्कळ काळानें वाचनांतून कळलें. तो देश म्हणजे श्रीलंका, तेव्हांचें सिलोन. तेथें १९३४-३५ सालीं हिंवतापाची भयंकर सांथ आली आणि सुमारें ऐशी हजार माणसें दगावलीं. आश्चर्य असें कीं ती सांथ अतिवृष्टीची नव्हती, अवर्षणाची होती. पाऊस न पडल्यामुळें वाहत्या नद्यांचीं डबकीं झालीं, आणि त्या डबक्यांत डांसांचें पीक आलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डी.डी.टी. हातीं आली आणि चित्र झपाट्यानें पालटलें. १९६३ सालीं साऱ्या बेटांत मिळून हिंवतापाचे रोगी सांपडले सतरा. होय, श्रोतेहो, फक्त सतरा; आणि त्यांतलेही निम्म्याहून अधिक बाहेरून रोग घेऊन आलेले.

त्या वर्षींच्या प्रगतिपुस्तकांत लंकेचा नंबर किती वर असता, याची कल्पना करा. परंतु सतरा हा आंकडा पाहून देश निर्धास्त झाला. फवारणी थांबली, पथकें कमी झालीं, रक्ततपासणी ढिली पडली. रत्नांच्या खाणींकडे माणसांची ये-जा वाढली आणि तेथल्या खड्ड्यांत पाणी सांचलें. पांच-सहा वर्षांत, १९६८-६९ च्या सांथींत, पांच लाखांहून अधिक लोक तापले. सतराचे पांच लाख! इतक्या वेगानें वाढणारें चक्रवाढ व्याज मीं तरी कोणत्याही उदाहरणसंग्रहांत पाहिलें नाहीं.

लंकेची गोष्ट येथेंच संपती तर तिच्यांत शिकण्यासारखें थोडें होतें. खरा धडा पुढें आहे. त्या देशानें पुन्हां आरंभ केला. मध्यें दीर्घ यादवी युद्ध झालें. तें २००९ पर्यंत चाललें. तरीही आडगांवीं गाडीनें जाऊन रक्त तपासणारीं फिरतीं पथकें त्यांनीं चालू ठेविलीं. प्रत्येक रोगी हुडकावा, त्याला कोठें डांस चावला तें शोधावें, तेवढ्याच जागेचा बंदोबस्त करावा, अशी त्यांची रीत. ऑक्टोबर २०१२ नंतर देशांतल्या देशांत लागण झालेला रोगी सांपडला नाहीं, आणि सप्टेंबर २०१६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें श्रीलंकेस हिंवतापमुक्त देश म्हणून दाखला दिला. यावेळीं मात्र त्यांनीं दप्तर गुंडाळलें नाहीं. हिंवतापविरोधी मोहीम आजही चालू आहे. परदेशांतून ताप घेऊन आलेल्या एकेका प्रवाशाचा ती माग काढते. सतराचा अर्थ त्यांना दुसऱ्या वेळीं नीट कळला.

आतां आपल्याकडे वळूं. आपला इतिहास याच वळणाचा आहे. फक्त आंकड्यांवर शून्यें अधिक. स्वातंत्र्याच्या वेळीं देशांत दरवर्षीं सुमारें साडेसात कोटी लोकांस हिंवताप होई आणि आठ लाख मरत, असा त्यावेळचा अंदाज आहे. आपल्या जुन्या मुंबई प्रान्तास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. धारवाड आणि कानडा जिल्ह्यांत १९४६ च्या सुमारास डॉक्टर विश्वनाथन् यांच्या देखरेखीखालीं घरोघर डी.डी.टी. फवारण्याचा मोठा प्रयोग झाला आणि तो सफल झाला. अशाच अनुभवांच्या पायावर १९५३ सालीं देशव्यापी नियंत्रणाची योजना सुरू झाली. १९५८ सालीं तिचें ध्येय नियंत्रणाऐवजीं निर्मूलन असें ठरलें. १९६५ सालीं देशांतील नोंदलेले रोगी सुमारें एक लाखावर आले, आणि मृत्यु एकही नोंदला गेला नाहीं. साडेसात कोटींवरून एक लाख! जगानें वाखाणावें असेंच तें यश होतें.

आणि मग आपणही पाटी पुसून खेळावयास गेलों. डी.डी.टी.चा पुरवठा अपुरा पडला; डांस तिला दाद देईनासे झाले; शहरांतील डांसांकडे आरंभीं लक्षच गेलें नव्हतें; आणि रोग हटल्यावर ज्या आरोग्यकेंद्रांनीं पहारा करावयाचा, तीं कित्येक ठिकाणीं पुरेशीं उभीं राहिलीं नव्हतीं. १९७६ सालीं देशांत चौसष्ट लाखांहून अधिक रोगी नोंदले गेले. त्यांतला एक आमच्या ओटीवर गोधड्यांखालीं कुडकुडत होता. आईनें फवारणीवाल्यास परत पाठविलें, तें देशाच्या वागण्याहून निराळें नव्हतें.

तिसरा देश चीन. तेथें १९४० च्या दशकांत वर्षास तीन कोटी लोक हिंवतापानें आजारी पडत आणि तीन लाख मरत. त्यांनींही औषधें, फवारणी, मच्छरदाण्या हे सर्व उपाय केले. १९६७ सालीं नव्या औषधाचा शोध घेण्यासाठीं त्यांनीं मोठें संशोधन हातीं घेतलें. त्यांतून आर्टेमिसिनिन हें औषध निघालें, आणि तू यूयू या विदुषीस त्याबद्दल २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण मला, एका मास्तराला, त्यांच्या औषधापेक्षांही त्यांचें वेळापत्रक मोलाचें वाटतें. एक, तीन, सात, असा त्यांचा पाढा आहे. रोगी सांपडला कीं एका दिवसांत त्याची नोंद सरकारदरबारीं झाली पाहिजे. तीन दिवसांत चौकशी होऊन रोग कोठून आला तें ठरलें पाहिजे. सात दिवसांत त्या वस्तीचा बंदोबस्त पुरा झाला पाहिजे. ३० जून २०२१ रोजीं चीनला हिंवतापमुक्तीचा दाखला मिळाला, तत्पूर्वीं चार वर्षें तेथें स्थानिक लागणीचा एकही रोगी नव्हता. आणि बाहेरून येणाऱ्या रोग्यांसाठीं तो पाढा आजही चालू आहे. इजिप्तला २०२४ सालीं, तिमोर-लेस्तेसारख्या लहान राष्ट्रास २०२५ सालीं हाच दाखला मिळाला. म्हणजे हें काम केवळ श्रीमंतांचें नाहीं, मोठ्यांचें नाहीं, आणि थंड हवेच्या देशांचें तर नाहींच.

आपण आज कोठें आहों? सरकारी नोंदीप्रमाणें २०१५ सालीं देशांत अकरा लाख एकोणसत्तर हजार रोगी होते. २०२३ सालीं ते दोन लाख सत्तावीस हजारांवर आले. मृत्यु ३८४ वरून ८३ वर आले. गांवोगांवच्या आशा सेविका, जागच्या जागीं होणारी रक्ततपासणी आणि औषधी मच्छरदाण्या यांनीं हें घडविलें. ओरिसाच्या डोंगराळ मुलखांत झालेलें काम तर डोळ्यांत भरण्यासारखें आहे. २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अतिभार असलेल्या देशांच्या गटांतून आपलें नांव काढलें. ही प्रगति खरी आहे, आणि तिच्याबद्दल कोणीही कद्रूपणा करूं नये.

परंतु गणिताच्या मास्तरास दुसरा एक आंकडा स्वस्थ बसूं देत नाहीं. नोंद दोन लाख सत्तावीस हजारांची. पण त्याच वर्षीं भारतांत प्रत्यक्षांत सुमारें वीस लाख रोगी झाले असावेत, असा त्याच जागतिक संघटनेचा अंदाज आहे. मधली तफावत कोठें गेली? ती आपल्यासारख्यांच्या घरांत आहे. ताप आला, जवळच्या डॉक्टरांकडे गेलों, गोळ्या घेतल्या, बरे झालों. नोंद झाली नाहीं. आणि ज्याची नोंद नाहीं त्याच्यासाठीं चीनच्या पाढ्यांतला पहिला अंक, तो ‘एक’, गिरवलाच जात नाहीं. मग तीन आणि सात कोठून येणार?

हें मी पुस्तकांतून सांगत नाहीं. उलव्याचें सांगतों. आमच्या या भागांत पूर्वीं भातशेती, खाडी आणि खारफुटी होती. आतां उंच इमारतींच्या रांगा आहेत. २०१८ सालीं खारकोपरपर्यंत रेल्वे आली; २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतु खुला झाला; उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून नवा विमानतळ उभा राहिला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमानें उडूं लागलीं. विकास पाहावयाचा तर आमच्या गच्चीवर उभें राहावें. परंतु खालीं पाहिलें तर आणखी एक दृश्य दिसतें. अर्धवट इमारती, लिफ्टसाठीं खणलेल्या खड्ड्यांत सांचलेलें पाणी, उघडीं पिंपें, नव्या स्लॅबवर सिमेंटचीं आळीं करून बांधून ठेवलेलें पाणी, आणि शेजारीं पत्र्याच्या खोल्यांत राहणारीं गवंड्यांचीं व बिगाऱ्यांचीं कुटुंबें.

दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत अशाच एका खोलींतली लहान मुलगी तापली. एक दिवस आड ताप, तेंच हींव, तोच घाम. एका खासगी दवाखान्यांत तिला औषध मिळालें आणि ती बरी झाली. पण तिची नोंद पुढें गेली नाहीं. त्या वस्तींत पाणी तपासावयास कोणी आलें नाहीं. तीन आठवड्यांत शेजारच्या खोलींतला मुलगा पडला. मी मुकादमाकडे गेलों. तो सज्जन होता. म्हणाला, “गुरुजी, आमचें पाणी गटाराचें नाहीं. पाहा, कसें स्वच्छ आहे.”

त्याचें म्हणणें खरें होतें, आणि रोगाचें मूळ नेमकें तेथेंच होतें. घाणीच्या गटारांत जे डांस होतात ते बहुधा निराळ्या जातीचे. त्यांनीं हिंवताप येत नाहीं. शहरांत हिंवताप पसरविणारा ॲनॉफेलिस स्टीफेन्साय हा डांस स्वच्छ, सांठविलेल्या पाण्यावर वाढतो. ही गोष्ट शोधून काढली गेली ती आपल्या मुंबईंतच. विहारचें पाणी १८६० सालीं आणि तानशाचें १८९२ सालीं मुंबईस आलें, तेव्हां घरोघरच्या विहिरींचा वापर घटला. पण विहिरी उघड्याच राहिल्या. डॉक्टर बेंटले यांनीं १९११ सालच्या आपल्या अहवालांत दाखवून दिलें कीं, मुंबईच्या हिंवतापाचें मूळ या विहिरींत आणि टांक्यांत आहे. विहिरी बुजवाव्या कीं झांकाव्या यावर तेव्हां मोठा वाद माजला. धर्मकृत्यांस विहिरीचें पाणी लागतें म्हणून अनेकांनीं हरकती घेतल्या. शंभराहून अधिक वर्षें झालीं. विहिरी गेल्या आणि त्यांच्या जागीं गच्चीवरच्या टाक्या आल्या. डांसानें फक्त मजला बदलला.

मीं मुकादमास लिफ्टच्या खड्ड्यापाशीं नेलें आणि कांचेच्या पेल्यांत पाणी काढून दाखविलें. गटारी डांसाची अळी पाण्यांत डोकें खालीं करून तिरपी लोंबते. हिंवतापाच्या डांसाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं समांतर, आडवी पडून असते. पेल्यांत आठ-दहा अळ्या आडव्या पडल्या होत्या. त्यानें त्याच संध्याकाळीं पंप लावून खड्डा उपसला. मी विजयी मुद्रेनें घरीं परतलों, आणि सहज म्हणून आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गेलों. टाकीचें झांकण फुटलेलें होतें. आंत पेला बुडविला, तर तेथेंही त्याच आडव्या अळ्या! शेजारच्या प्लॉटला धडा शिकविण्यास निघालेल्या मास्तराच्या डोक्यावर, त्याच्याच टाकींत, डांस वाढत होते. ज्यांस आपण गरिबांचा रोग म्हणतों त्यांचा कारखाना कित्येकदां आपल्याच गच्चीवर असतो.

श्रोतेहो, येथें देशांच्या तुलनेचा दुसरा अर्थ माझ्या ध्यानांत आला. ही नुसती धांवण्याची शर्यत असती, तर शेजारी मागें पडल्याचा आनंद मानतां आला असता. पण डांसाला नकाशा कळत नाहीं. हाच आपल्या शहरांचा डांस २०१२ सालीं तांबड्या समुद्राच्या तोंडाशीं असलेल्या जिबूती या चिमुकल्या देशांत प्रथम आढळला. त्या वर्षीं तेथें हिंवतापाचे सत्तावीस रोगी होते. २०२० सालीं ते त्र्याहत्तर हजारांवर गेले. हाच डांस २०१६-१७ च्या सुमारास श्रीलंकेंत मन्नार येथें सांपडला, म्हणजे लंकेनें रोग हटविल्याचा दाखला घेतला न घेतला तोंच! जहाजें, विमानें, माणसें आणि माल यांबरोबर तो फिरतो. एका हाताशीं न्हावा-शेव्याचें बंदर आणि दुसऱ्या हाताशीं विमानतळ अशा जागीं राहणाऱ्या आम्हां उलवेकरांस तर हें विसरून चालणारच नाहीं. आमच्या टाकीचें झांकण ही आतां केवळ आमच्या घरची गोष्ट राहिलेली नाहीं. २०२३ या एका वर्षांत जगांत सुमारें सव्वीस कोटी लोकांस हिंवताप झाला आणि जवळ जवळ सहा लाख मेले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेंतील, आणि त्यांतलीं बहुतेक पांच वर्षांखालचीं मुलें.

मग आपण काय करावें? राष्ट्राचीं कामें राष्ट्रानें करावीं. आपल्या हातचीं तीन आहेत. पहिलें, पाणी. आपल्या हवेंत अंड्यापासून उडता डांस होण्यास आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एकदां घरांतलें व इमारतींतलें सांठलेलें पाणी ओतून भांडीं कोरडीं केलीं, आणि टाक्यांस घट्ट झांकणें ठेविलीं, तर डांसाची पिढीच पुरी होत नाहीं. कोरडा दिवस पाळा असें आरोग्यखातें सांगतें, त्याचें मर्म हें. दुसरें, रक्त. ताप आला कीं आधीं रक्त तपासावें, आणि हिंवताप निघाला तर त्याची नोंद सरकारी यंत्रणेकडे गेली कीं नाहीं हें डॉक्टरांस आवर्जून विचारावें. तिसरें, गोळ्या. शहरांत जो हिंवताप बहुधा आढळतो, त्याचे जंतु ताप उतरल्यावरही यकृतांत दडून बसतात. त्यांच्यासाठीं डॉक्टर प्रायमाक्विन नांवाच्या गोळ्या चौदा दिवस देतात. गर्भवतींस व तान्ह्या मुलांस त्या देत नाहींत. म्हणून तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच व्हावें. पण एकदां सांगितल्या, तर चौदाही दिवस घ्याव्या. तिसऱ्या दिवशीं बरें वाटतें म्हणून उरलेल्या गोळ्या कोनाड्यांत ठेवल्या कीं काय होतें, तें मीं माझ्या घरांत पाहिलें आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करतों. त्या पेल्याच्या दिवसापासून आमच्या सोसायटींतील मुलें दर रविवारीं सकाळीं माझ्याबरोबर गच्चीपासून तळमजल्यापर्यंत फिरतात. टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, पंपघर, सारें पाहतात आणि एका वहींत नोंद करतात. शेजारचा मुकादमही आपल्या जागेची नोंद आमच्या वहींत करून जाई. पहिल्या वर्षीं पानें अळ्यांच्या नोंदींनीं भरलीं. गेल्या पावसाळ्यांत मात्र पानांमागून पानें ‘कांहीं आढळलें नाहीं’ या तीन शब्दांनीं भरलीं आहेत. मुलें कंटाळलीं. आणि परवां सोसायटीच्या सभेंत एक सुविद्य, सज्जन सभासद उठून म्हणाले, “गुरुजी, आतां डांस राहिले आहेत कोठें? मुलांचा रविवार कशाला मोडावा?”

मला पन्नास वर्षांपूर्वींची माझी आई अंगणांत उभी असलेली दिसली. मीं त्यांना लंकेच्या सतरा रोग्यांची गोष्ट सांगितली. तीच आज आपणांस सांगितली. राष्ट्राची प्रगति रोग वाढला असतां तें किती धांवतें यावरून कळते, यांत शंका नाहीं. परंतु रोग सतरावर आला असतां तें काय करतें, यावरून ती अधिक कळते. सोसायटीनें वही चालू ठेवण्याचें ठरविलें आहे. येत्या रविवारीं आपणही आपली टाकी उघडून पाहावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.